आधी बांध, मग घर

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविकजवळ, अल्टामाहा नदीच्या मुखाकडच्या दलदलीत, हॉफविल-ब्रॉडफील्ड हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा भातमळा आहे. १९७३ मध्ये तो राज्याकडे आला. पर्यटकांची नजर जुन्या घरावर आणि ओकच्या झाडांवर खिळते. इथली सर्वांत मोठी वास्तू मात्र चिखलातले बांध आहेत, असे मला ठामपणे वाटते. सायप्रसचे जंगल तोडून ते गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी उभारले. भरतीच्या रेट्याने नदीचे गोडे पाणी फुगले की लाकडी दारांतून ते शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडायचे. गोव्यातल्या खाजणांच्या मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारे, पाहिलेल्यांना ही रचना लगेच उमगेल.

जमीन आणि भांडवल मालकांचे होते, मग श्रेयही त्यांचे, असा आक्षेप येतो. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बांध घालून भात पिकवण्याची परंपरा जुनीच होती. तिचा वाटा नेमका किती यावर अभ्यासकांत वाद आहे; कमरेएवढ्या चिखलात कोण उभे होते, यावर नाही. हिवतापाच्या दिवसांत या किनाऱ्यावरचे मालक सहसा दूर निघून जात, मजूर मात्र तिथेच राबत. गुलामगिरी संपल्यावर वादळे आणि स्पर्धाही आली, पण सक्तीच्या श्रमांविना हे पीक पूर्वीसारखे परवडलेच नाही. पुढे या मळ्यावर दुग्धव्यवसाय सुरू झाला.