तळघराच्या भिंतीला घाम का फुटतो?
पावसाळ्यात तळघराची भिंत ओली दिसली की आपण पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला करतो. जरा थांबा. भिंत पुसून कोरडी करा, तिच्यावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून बसवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी मातीतून झिरपतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर ते हवेतलं आहे.

या घामाचं गणित गमतीचं आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असलेली हवा साधारण २६ अंशांपर्यंत थंड झाली की पाणी सोडू लागते. जमिनीत गाडलेली भिंत त्याहूनही थंड असू शकते. म्हणजे ‘जरा हवा खेळू दे’ म्हणत जुलैत खिडक्या उघडल्या, की आपणच ओल घरात बोलावतो! त्यापेक्षा खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर लावावा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवावी आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावीत.

झिरपणाऱ्या पाण्याचा उपाय मात्र बाहेरून सुरू होतो. पागोळ्या पायाशी पडत असतील तर पन्हळ बसवून पाणी लांब सोडा. भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या दिशेने, दहा फुटांत सहा इंच, उतार द्या. आतून नुसता रंग फासण्यात मला अर्थ दिसत नाही. मागून पाण्याचा दाब असला की पोपडे सुटतातच. भूजलच वर येत असेल तर फरशीत खड्डा घेऊन पंप बसवावा लागतो, आणि त्याला इन्व्हर्टरही हवा. वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते.