पाठमोरं चेन्नई

मुंबईत कॅमेरा शिकलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की संध्याकाळच सुचते. मरीनावर तसाच गेलो आणि फसलो. इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि शहरामागे बुडतो. सांजवेळी पाणी नुसतं शिसवी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाऊन ती चूक सुधारली.

तिथून मैलापूर. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माडा रस्त्यांवर बायका सडा घालून कोलम काढत होत्या. आपली रांगोळी शिरगोळ्याची, ही तांदळाच्या पिठाची. ऊन चढायच्या आत हिला मुंग्या लागतात. ठिपके मांडताना बाई कमरेतून वाकते, गुडघे ताठ. पंधरा फुटांवरून भराभर फोटो काढले. खोलीवर येऊन पाहतो तर सगळ्या पाठी. वेण्या, गजरे, पदर, एखादं टक्कल. चेहरा एकही नाही.

लिनियस ट्राइपकडे निदान कारण होतं. १८५०च्या दशकात मद्रास सरकारचा हा छायाचित्रकार मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर देवळं टिपायचा. कागदाला प्रकाश पुरायला इतका वेळ लागे, की चालता माणूस उमटतच नसे. दगड लख्ख, वाटा ओस. माझ्या हातातलं यंत्र १/५०० सेकंदात धावता माणूस थांबवतं. मला आडवी आली ती भीड.

मग झूम लेन्स खोलीवर ठेवली आणि ३५ मिलिमीटरची लावली. जवळ गेल्याशिवाय तिच्यात काही भरत नाही. पहिल्याच फूलवालीने ‘वेंडाम’ म्हणून तळहात दाखवला. नको म्हणजे नको, पुढे सरकलो.

दिवस एप्रिलअखेरचे. चेन्नई १३ अंश अक्षांशावर, त्यामुळे या सुमारास दुपारचा सूर्य थेट टाळूवर येतो. सावली पायाखाली दडते, फोटोत डोळ्यांच्या जागी काळे खळगे. अशा वेळी बोळ गाठावेत. सौकारपेटच्या एका बोळात अंधाऱ्या खोलीत भट्टी पेटली होती, मुशीत सोनं आटत होतं. ‘काय उजेड आहे!’ मी स्वतःशीच बोललो.

आतून आवाज आला, ‘कुठलं गाव तुमचं?’

खानापूर-आटपाडीकडचे सोनं आटवणारे गलाईवाले देशभर विखुरलेत, हे ऐकून होतो. हे विट्याजवळचे. मी भट्टीकडे बोट दाखवून विचारलं.

‘तिचा नगं. गिऱ्हाइकाचा माल हाय. माझा काढा, आईला धाडायचाय.’

सदऱ्याचं वरचं बटण लावून ते उंबऱ्यात उभे राहिले. समोरच्या भिंतीवरून परतलेलं ऊन चेहऱ्यावर मऊ पडलं होतं. अंतर चार फूट. त्यांनी सरळ लेन्समध्ये पाहिलं, हात शिवणीला चिकटलेले. उभं करून काढलेल्या फोटोला जाणकार स्ट्रीट फोटोग्राफी म्हणणार नाहीत. न म्हणोत.

त्या दिवसाच्या दोनशेएक फोटोंतला तेवढाच छापून घेतला. प्रती दोन, एक विट्याकडे गेली.