वरकसावरचं कलम

काजूच्या बागेत गेलात तर नजर वर नेण्याआधी बुंध्याशी बसा. जमिनीपासून थोड्या उंचीवर सालीत एक तिरकी खूण दिसते. ती कलमाच्या जोडाची. तिच्याखाली साध्या काजूबीचं रोप, वर निवडलेल्या झाडाची काडी.

कोकणातल्या कर्जत-खालापूरच्या उतारांवर मान काजूचा. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड, नावासकट इथलंच झालं.

इथली भातखाचरं सखल भागात, वर नाचणी-वरीचं वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. पावसाळ्यात धो धो पाऊस, मग मेपर्यंत कोरड. अशा मुरमाड जमिनीत काजू तग धरतो. पण बीपासून वाढलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही; परपरागीभवनामुळे एक भरभरून देतं, दुसरं नुसतं पालवतं. म्हणून कलम. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचं १९८१चं वेंगुर्ला-४ आणि १९९७चं टपोऱ्या बीचं वेंगुर्ला-७ हे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचले ते याच मार्गानं. १९९० मध्ये राज्यानं रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोकणातल्या वरकसावर आंबा-काजूची कलमं चढली.

हिवाळ्यात मोहोर येतो. आधी बी भरते, मग तिच्यामागचा देठ फुगून बोंडू होतो. बीच्या टरफलात कातडी भाजणारं तेल असतं. ओले गर काढणाऱ्या बायांच्या बोटांवर त्याचे डाग राहतात. ओल्या काजूच्या वाटीभर उसळीमागे ती बोटं असतात.

कलम लावलं म्हणजे बाग झाली, असं मात्र नाही. जोडाखालून फुटवे येतात; ते वेळेवर काढले नाहीत तर खालचं बीचं रोपच झाड होऊन बसतं. कोवळ्या पालवीवर ढेकण्या नावाचा किडा बसतो. सर्वांत घातक कीड म्हणजे रोठा: त्याची अळी बुंध्याची साल आतून पोखरते. बाहेर दिसतो फक्त चिमूटभर भुसा आणि डिंकाचा ओघळ. तो वेळीच दिसला तर साल तासून, तारेच्या आकड्यानं अळी काढता येते. उशिरा दिसला तर पानं पिवळी पडतात आणि वर्षानुवर्षं जपलेलं झाड उभंच वाळतं.

म्हणून म्हटलं, आधी बुंध्याशी बसा.