पाऱ्याची वाफ आणि पृष्ठशोषण

दगडी कोळशात पारा फारच थोडा असतो; सामान्यतः टनामागे एक ग्रॅमही भरत नाही. परंतु मोठ्या औष्णिक वीजकेंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो आणि त्यातील बराचसा पारा वाफ होऊन धुराबरोबर निघतो. पुढे तो पाण्यात उतरतो, जिवाणू त्याचा मिथिल-पारा करतात आणि माशांवाटे तो माणसाच्या शरीरात येतो. पाऱ्याच्या वापरावर व उत्सर्जनावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, तो याच धास्तीमुळे.

हा पारा पकडण्याचा एक मार्ग म्हणजे सक्रियित कार्बनची भुकटी धुरात फवारणे. या कार्बनला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. पारा त्या पृष्ठभागावर धरला जातो. या क्रियेला मराठीत अधिशोषण किंवा पृष्ठशोषण म्हणतात. शिकवताना मी दुसरा शब्द पसंत करतो. टिपकागद शाई पितो ते शोषण. रानातून चालताना धोतराला कुसळे चिकटतात ते पृष्ठशोषण. नुसते ‘शोषण’ म्हटले की विद्यार्थी विचारतो, ‘पोटात किती मावेल?’ ‘पृष्ठशोषण’ म्हटले की तो विचारतो, ‘जागा किती, आणि तिथवर पोचायला वेळ किती?’ गणिती प्रतिमान नेमके याच प्रश्नांवर उभे असते.

जागांचा हिशेब लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडला. रेणू बसण्याचा वेग वायूतील त्यांच्या प्रमाणावर व मोकळ्या जागांवर अवलंबून असतो. उठण्याचा वेग भरलेल्या जागांवर. दोन्ही वेग सारखे झाले की समतोल येतो. तापमान वाढले की रेणू अधिक उठतात, म्हणून गरम धुरात साधा कार्बन कमी पडतो. ब्रोमीनचा संस्कार केलेल्या कार्बनवर पाऱ्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो रासायनिक बंधाने घट्ट धरला जातो. उलट धुरातील सल्फर ट्रायॉक्साइड त्याच जागा बळकावतो.

पोचण्याचा हिशेब निराळा. धुरात पाऱ्याचे अणू अब्जात एखाद-दुसरा, आणि उडत्या भुकटीला मिळणारा वेळ अवघा काही सेकंदांचा. समजा, तेवढ्याच वजनाची भुकटी निम्म्या व्यासाची दळली. कण आठपट झाले. प्रत्येकाकडे येणारा पाऱ्याचा ओघ निम्मा झाला. म्हणजे एकूण ओघ चौपट!

प्रतिमानाचा खरा उपयोग इथे दिसतो. अडथळा पोचण्यात असेल, तर महागडा संस्कार करूनही फारसे साधत नाही. भुकटी बारीक करावी आणि ती धुरात सर्वत्र सारखी पसरेल असे पाहावे. अडथळा जागांत असेल, तर कितीही बारीक दळले तरी ब्रोमीनवाचून गत्यंतर नाही.