आरोग्यविम्याची सक्ती : बंधन कुणावर?

विमा समजून घेताना : लेखांक ९

२०१४ ते २०१७ या करवर्षांत अमेरिकेच्या प्राप्तिकर विवरणपत्रात, म्हणजे तिथल्या ‘१०४०’ फॉर्मवर, ६१ क्रमांकाची एक ओळ होती. वर्षभर आरोग्यविमा होता का? असेल तर चौकटीत खूण करा. नसेल तर सूट मिळते का पाहा, तीही मिळत नसेल तर दंडाची रक्कम लिहा. ‘एच-१बी’वर गेलेल्या आपल्या मराठी मुलामुलींनीही ही ओळ भरली आहे. नोकरीबरोबर विमा मिळत असल्यामुळे त्यांतल्या बहुतेकांचं काम खूण करण्यावर भागलं. पण या एका ओळीपायी अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले आणि निवडणुकांचे फड रंगले.

मागच्या लेखांकात आपण विमा कंपनी आजारी माणसाचा प्रस्ताव का नाकारते ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नाकारायला कायद्यानेच बंदी केली तर काय होतं?

समजा, एका वसाहतीत १०० माणसं आहेत. वर्षभरात त्यांतल्या १० जणांना प्रत्येकी १ लाखाचा दवाखान्याचा खर्च येणार. सगळ्यांनी विमा घेतला, तर कंपनीचा खर्च आणि नफा सोडून माणशी हप्ता १० हजार रुपये पडेल. आता कायदा आला : कुणालाही, कधीही विमा नाकारायचा नाही आणि आजाऱ्याकडून जादा हप्ताही घ्यायचा नाही. ठणठणीत माणूस म्हणणार, मग आत्ताच कशाला पैसे घालवू? दुखणं निघालं की घेईन. असे ४० जण बाहेर पडले. आजारी १० जण आतच आहेत, म्हणून खर्च तोच १० लाख. हप्ता मात्र १६,६६७ वर गेला. तो बघून आणखी ३० जण निघाले. उरलेल्या ३० जणांच्या डोक्यावर प्रत्येकी ३३,३३३ रुपये. विमा व्यवसायात याला ‘डेथ स्पायरल’ म्हणतात. कायदा केला आजाऱ्यांसाठी, आणि हप्ता परवडेनासा झाला तोही त्यांनाच.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९३ मध्ये नकाराला बंदी आणि सर्वांना सारखा हप्ता हे दोन्ही नियम आणले, पण विमा घेण्याची सक्ती केली नाही. पुढच्या काही वर्षांत तिथला वैयक्तिक विम्याचा बाजार आटत गेला आणि हप्ते देशातल्या सर्वांत महागांत गणले जाऊ लागले. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये उलट वाट धरली. नकाराला बंदी तिथे आधीपासून होती. तिला सक्ती आणि गरिबांना अनुदान यांची जोड दिली. काही वर्षांतच विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेलं राज्य म्हणून मॅसॅच्युसेट्सचं नाव झालं.

या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी. विम्याच्या सक्तीची कल्पना १९८९ मध्ये मांडली होती ‘हेरिटेज फाउंडेशन’ या उजव्या विचारांच्या संस्थेने. १९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेला पर्याय म्हणून सिनेटर जॉन चॅफी यांनी जे विधेयक आणलं, त्यातही ती होती. त्यांचा युक्तिवाद सोपा होता : अपघात झाला की विमा असो-नसो, रुग्णालय तुम्हाला घेणारच, मग बिल दुसऱ्यांच्या माथी का मारता? १९८६ पासून अमेरिकेत तसा कायदाच आहे. जीवघेण्या स्थितीत आलेल्या रुग्णाला, त्याचा खिसा न बघता, तातडीचे उपचार द्यावेच लागतात. दुसरीकडे डेमोक्रॅटिक पक्षाच्या २००८ च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन सक्तीच्या बाजूने आणि बराक ओबामा विरोधात होते. अध्यक्ष झाल्यावर ओबामांनी तीच सक्ती कायद्यात घातली आणि रिपब्लिकन तिच्यावर तुटून पडले. दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या, हिशेब तोच राहिला.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांची सही झालेला हा कायदा तीन गोष्टी एकत्र करत होता. पहिली, २०१४ पासून कंपनीने कुणालाही आधीच्या आजारामुळे नाकारायचं नाही. हप्ता वयानुसार वाढला तरी प्रौढांत जास्तीत जास्त तिप्पट. दुसरी, बहुतेक सर्वांनी विमा घ्यायचा, नाहीतर दंड. तिसरी, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यासाठी सरकारी मदत.

विरोध झाला तो दुसऱ्या गोष्टीला. घरात स्वस्थ बसलेल्या माणसाला, काही विकत घेतलं नाही म्हणून सरकार दंड कसं करू शकतं? मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारलं, मग उद्या ब्रोकोली विकत घ्यायचीही सक्ती कराल का? सरकारची मात्र पंचाईत होती. ओबामांनी टीव्हीवर हा कर असल्याचं साफ नाकारलं होतं. न्यायालयात सरकारी वकिलांनी सुनावणीच्या पहिल्या दिवशी मांडलं की वसुलीविरुद्धच्या दाव्यांना आडवा येणारा जुना करकायदा या दंडाला लागू नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, संसदेच्या कर लावण्याच्या अधिकारातही हा दंड बसतो. २८ जून २०१२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटलं, व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारात ही सक्ती बसत नाही. पण विमा न घेणाऱ्यावरचा कर म्हणून ती टिकते.

टिकली खरी, पण तिची धार किती होती? २०१६ चा हिशेब घेऊ. दंड होता प्रौढ माणशी ६९५ डॉलर किंवा विवरणपत्र भरण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त ते. वर्षाला ५०,००० डॉलर कमावणारी एकटी व्यक्ती धरा. तिची मर्यादा १०,३५० डॉलर, उरले ३९,६५०. त्याचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ९९१ डॉलर. सर्वांत खालच्या ‘ब्राँझ’ प्रतीच्या पॉलिसीचा सरासरी हप्ता वर्षाला २,६७६ डॉलर होता. धडधाकट तरुणाने दंड भरणं पसंत केलं तर नवल नाही. शिवाय तुरुंग नाही, जप्ती नाही. परतावा देणं असेल तर त्यातून कापून घ्यायचं, एवढाच वसुलीचा खरा मार्ग. २०१५ या वर्षासाठी सुमारे ६५ लाख करदात्यांनी दंड भरला आणि त्याच्या जवळपास दुप्पट लोकांनी सूट मागितली.

विरोधकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दंड बसला तो मुख्यतः मधल्यांना : अनुदान मिळण्याइतके गरीब नाहीत, हप्ता झेपण्याइतके श्रीमंत नाहीत. डाव्यांची तक्रार वेगळी होती. लोकांना सक्तीने खासगी कंपन्यांच्या दारात उभं करण्याऐवजी सरकारने करातूनच सगळ्यांचे उपचार का करू नयेत?

डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारच्या करकायद्याने दंड शून्यावर आणला. अंमल २०१९ पासून. आता बाजार कोसळणार असं अनेकांना वाटलं. तो कोसळला नाही. विमा नसलेल्यांचं प्रमाण थोडं वाढलं, इतकंच. कारण तिसऱ्या गोष्टीत होतं. अनुदान घेणाऱ्याने उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच हप्ता भरायचा, वरचा भार सरकारचा. हप्ते वाढले तरी त्याची झळ या लोकांना पोचत नव्हती, म्हणून निरोगी माणसंही टिकून राहिली. २०२१ मध्ये अनुदान वाढवल्यावर तर सरकारी विमा बाजारातून पॉलिसी घेणारे २०२० मधल्या सुमारे १ कोटी १४ लाखांवरून २०२५ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेले, तेही देशपातळीवर एक डॉलरचा दंड नसताना. दंडाच्या धाकापेक्षा परवडणारा हप्ता जास्त माणसं आत आणतो, हा अमेरिकेचा धडा आहे. वाढीव अनुदान २०२५ अखेर संपलं, त्यामुळे हाच धडा आता उलट बाजूने तपासला जाईल.

आपल्याकडे सक्ती नवी नाही. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आज महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या, कायद्याच्या कक्षेतल्या कामगाराच्या पगारचिठ्ठीवर ‘ईएसआय’चा रकाना असतो. २० हजार पगारातून १५० रुपये कापले जातात, मालक ६५० घालतो. कुणी मर्जी विचारत नाही. पण बदल्यात आजार आधीचा की नंतरचा हेही कुणी विचारत नाही, आणि हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो, प्रकृतीच्या नव्हे. कामगारांची तक्रार असते ती कपातीबद्दल कमी आणि दवाखाना लांब, डॉक्टर नाहीत, औषध बाहेरून आणा, याबद्दल जास्त.

या कक्षेबाहेरच्या मध्यमवर्गासाठी सक्ती करावी, असा सूर अधूनमधून निघतो. तेव्हा आधी विचारायचं ते कंपन्यांच्या बंधनाबद्दल. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड ४८ वरून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला, पॉलिसी विकत घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादाही गेली. हे चांगलंच झालं. पण मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाचा प्रस्ताव लेखी कारण देऊन नाकारायला, किंवा त्याच्याकडून जादा हप्ता घ्यायला, कंपनी अजून मोकळी आहे. अशा वेळी ‘प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे’ असा कायदा केला, तर ज्याला कुणी विमा देतच नाही त्यालाच आपण दंड लावू.

म्हणून माझं मत असं : सक्ती हा नकारबंदीचा मोबदला आहे. कंपनीने सगळ्यांना घ्यायचं, सरकारने न परवडणाऱ्यांचा हप्ता उचलायचा आणि हप्ता भरलेल्याला जवळपास दवाखाना मिळायचा, एवढं पदरात पडणार असेल तरच नागरिकाला ‘घ्यावाच लागेल’ म्हणण्याचा अधिकार सरकारला पोचतो. स्वित्झर्लंडने १९९६ पासून हा सौदा बऱ्याच अंशी पाळला : सर्वांना सक्ती, मूळ विम्यात कंपनीला नकाराची मुभा नाही आणि त्या विम्यावर नफाही नाही. तरीही तिथे हप्त्यांवरून दरवर्षी ओरड होते. ती का होते आणि वाढत्या हप्त्यात रुग्णालयांच्या दरांचा वाटा किती, ते पुढच्या लेखांकात.