पहिला नंबर कुणाचा?

कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी कॅन्टीनमध्ये ‘कुणाला किती पॅकेज’ यावर पैजा लागतात ना? अमेरिकेत बेसबॉलचं तस्संच आहे. मेजर लीगचा ड्राफ्ट २०२१पासून जुलैत होतो. पण ‘यंदा पहिला कोण’ याच्या याद्या कितीतरी महिने आधीच झळकतात. बॉलचा वेग, बॅटची ताकद, पळणं... सगळ्याला मार्क!

टेन्शन असतं ते अठरा वर्षांच्या पोराला. नंबर वर, तर बोनस तगडा. खाली घसरला, तर करारावर सही करायची की आधी कॉलेज?

आणि अंदाजांचं म्हणाल, तर १९९१चा पहिला नंबर ब्रायन टेलर. यांकीजनी साडेपंधरा लाख डॉलर मोजले. पुढे एका भांडणात खांदा गेला आणि मेजर लीगची एकही मॅच त्याच्या नशिबी आली नाही. उलट माइक पियाझा १९८८मध्ये ६२व्या फेरीत, तब्बल १३९०वा! २०१६मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला. २००९मध्ये एंजल्सनी २४वा रँडल ग्रिचक घेतला, मग २५वा माइक ट्राउट. ट्राउट पुढे तीनदा एमव्हीपी ठरला.

तेव्हा याद्या जरूर वाचा, पैजाही लावा. फक्त यादीच्या तळाशी असलेली नावंही एकदा नजरेखालून घाला.