मोजपट्टी एक, कामे दोन

16 जुलै 2021 रोजी दहावीचा निकाल लागला आणि राज्यातले 99.95 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. कोरोनामुळे मंडळाची लेखी परीक्षा झालीच नव्हती. नववीच्या निकालाला 50 गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला 20, अशी बेरीज करून गुणपत्रिका तयार झाल्या. दर शाळेत पेपर वेगळा आणि तपासणाराही वेगळा.

खरा पेच अकरावीचा होता. वसईचे वर्तक महाविद्यालय असो की विरारचे विवा, प्रवेशाच्या रांगेत राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई अशी सगळीच मुले उभी असतात. त्यांची तुलना कशावर करायची?

सरकारने सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, जाहीर केली. तारीख 21 ऑगस्ट, वेळ दोन तास, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे मिळून 100 गुण. अभ्यासक्रम मात्र फक्त राज्य मंडळाचा. आयसीएसईच्या एका विद्यार्थिनीने याला आव्हान दिले आणि 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. आर. डी. धानुका व न्या. आर. आय. छागला यांच्या खंडपीठाने सीईटी रद्द केली. प्रवेश दहावीच्याच गुणांवर झाले.

सामाईक परीक्षेची गरज आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या एका पावसाळ्यात उघडी पडली. समान पेपर नसेल तर 92 आणि 95 टक्क्यांतला फरक पोकळ ठरतो. पण जे शिकवलेच नाही ते विचारले, तर समान पेपरही अन्यायच करतो.

सामाईक परीक्षेची दुसरी मर्यादा अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटीत दिसते. तिचा पेपर अनेक सत्रांत होतो, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातल्या 90 टक्के मुलांचे गुण तेवढेच किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मूल रांगेत कितवे, हे त्यातून कळते. त्याचे त्रिकोणमितीत अडते की कलनात, हे कळत नाही.

ते सांगणारी चाचणी वेगळी असते, आणि तिच्यामागोमाग शिकवणेही यावे लागते. 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. मागे पडलेली मुले हेरायची आणि वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना शाळेच्या वेळेत रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवायची. पुढे नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले आणि सर्वाधिक फायदा तळाच्या मुलांना झाला होता.

पायाभूत आणि संकलित चाचण्या पालघर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांतही होतात. त्यांचे गुण संगणकावर चढवण्याइतकीच तातडी पुढच्या कामालाही हवी: अडखळत वाचणाऱ्या मुलांची यादी त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांच्या हाती असावी आणि त्यांच्यासाठी वेळापत्रकात रोजचा तास राखून ठेवावा.